व्हेनिसचा ‘मृत्यू’ : एका रूपकाची चिकित्सा

१

एखादे नगर साहित्यात वारंवार अवतरू लागले की त्याच्याभोवती अर्थांचे एक कवच तयार होत जाते. नंतरचा लेखक त्या नगराकडे पाहतो ते या कवचातून. आणि नंतरचा वाचक तर पुष्कळदा कवचालाच नगर समजून चालतो. युरोपीय साहित्यात ही प्रक्रिया ज्या नगराच्या वाट्याला सर्वाधिक आली ते नगर म्हणजे एड्रियाटिक समुद्राच्या खाजणातील बेटांवर वसलेले व्हेनिस. गेल्या दोन शतकांत या नगराला जे प्रधान रूपक चिकटले ते मृत्यूचे आहे. मरणासन्न सौंदर्य, पाण्यात हळूहळू बुडणारे वैभव, गोंडोला म्हणजे तरंगती शवपेटी, अशा प्रतिमांची एक सलग मालिका बायरनपासून टॉमस मानपर्यंत आणि पुढे चित्रपटांपर्यंत सांगता येते. आपल्याकडील विद्यापीठीय अध्यापनातही व्हेनिसचा उल्लेख आला की हीच मालिका गृहीत धरली जाते.

प्रस्तुत लेखात या रूपकाची चिकित्सा करावयाची आहे. प्रश्न असा की, हे रूपक केव्हा निर्माण झाले, ते कोणी निर्माण केले, आणि ज्यांच्या नगराविषयी ते बोलते त्या लोकांचे बोलणे त्यात कितपत ऐकू येते? रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या आपल्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथात आधुनिक मिथाचे कार्य सांगताना असे दाखवून दिले की, मिथ हे इतिहासाचे निसर्गात रूपांतर करते. माणसांनी घडवलेली गोष्ट ते अटळ, स्वाभाविक म्हणून पुढे ठेवते. व्हेनिसच्या मृत्यूचे रूपक हे या अर्थाने मिथ झालेले आहे, असे मला वाटते. तथापि येथे आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. ज्या संहितांनी हे मिथ रुजवले, त्यांतील श्रेष्ठ संहिता या मिथापेक्षा अधिक काही जाणतात. ते अधिक काही वाचण्याचे काम समीक्षेने टाळले आहे.

२

मृत्यूचे रूपक येण्यापूर्वी व्हेनिसविषयी एक वेगळे मिथ प्रचलित होते, आणि ते बाहेरच्यांनी दिलेले नसून प्रजासत्ताकाने स्वतःच रचले होते. ‘सेरेनिस्सिमा’, म्हणजे परमप्रशांत, हे त्याचे बिरुद होते. राजा, अमीर आणि लोक या तिन्ही तत्त्वांचा समतोल साधणारी आदर्श राज्यघटना, सर्वांना समान न्याय, कधीही परचक्राखाली न गेलेले स्वातंत्र्य अशी या मिथाची अंगे होत. गास्पारो कोन्तारिनी या व्हेनिसच्याच अमीराने लिहिलेला व त्याच्या मृत्यूनंतर १५४३ मध्ये प्रसिद्ध झालेला लॅटिन ग्रंथ या आत्मप्रतिमेचे सर्वांत सुघड रूप मानला जातो. १५९९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, आणि युरोपभरच्या राजकीय विचारवंतांनी व्हेनिसला नमुना म्हणून पाहिले.

या आत्मप्रतिमेच्या आड काय होते हे इतिहासकारांनी सांगितलेले आहे. १२९७ पासून महासभेचे सदस्यत्व ठरावीक घराण्यांपुरते बंद होत गेले. डोज, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख, निवडण्याची चिठ्ठ्या व मतदान यांची अतिशय गुंतागुंतीची पद्धती १२६८ पासून रूढ झाली, पण ती अमीरांच्या वर्तुळातच फिरत राहिली. साहित्याच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचे वाटावे ते हे की, या मिथाला त्याच नगरातून लिखित उत्तरे मिळाली. मोदेराता फोन्ते या टोपणनावाने लिहिणाऱ्या स्त्रीचा, स्त्रियांच्या योग्यतेविषयीचा संवादग्रंथ तिच्या मृत्यूनंतर १६०० मध्ये छापला गेला. व्हेनिसमधील एका बागेत सात स्त्रिया पुरुषांच्या गैरहजेरीत बोलत बसल्या आहेत, हा त्याचा रूपबंध. आर्कान्जेला ताराबोत्ती (१६०४–१६५२) हिला इच्छेविरुद्ध मठात जावे लागले होते. हुंडा वाचवण्यासाठी आणि घराण्याची मालमत्ता अखंड राखण्यासाठी मुलींना मठात कोंडणारे हे स्वातंत्र्याचे नगर कसले, असा तिच्या लेखनाचा रोख आहे. गेट्टोतील रब्बी लेओने दा मोदेना (१५७१–१६४८) याने हिब्रू भाषेत लिहिलेल्या आत्मचरित्रात जुगाराचे व्यसन, कर्ज, किमयागिरीच्या नादात गेलेला एक मुलगा आणि खून झालेला दुसरा मुलगा यांची हकीकत कसलाही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. ‘परमप्रशांत’ या विशेषणाशी या तिन्ही आवाजांचे काहीच नाते नाही. आणि तरीही ते पूर्णपणे व्हेनिसचेच आवाज आहेत.

याहूनही जुनी एक साक्ष येथे नोंदवावी लागेल. दान्तेने ‘इन्फेर्नो’च्या एकविसाव्या सर्गात नरकातील उकळत्या डांबराचे वर्णन करताना उपमा घेतली ती व्हेनिसच्या आर्सेनालची, म्हणजे तेथील सरकारी जहाजबांधणी कारखान्याची. हिवाळ्यात समुद्र बंद असतो. तेव्हा कोणी नवे जहाज बांधतो आहे, कोणी जुन्याच्या फटी डांबराने बुजवतो आहे, कोणी वल्ही घडवतो, कोणी दोर वळतो, कोणी शिडे सांधतो. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या एका महाकवीला व्हेनिस म्हटल्यावर आठवले ते हे : घामाचे, आवाजाचे, कामाचे नगर. नंतरच्या साहित्यात याच नगराची मुख्य खूण शांतता ही ठरली, हा बदल अर्थातच आपोआप झालेला नाही.

३

इंग्रजी साहित्याच्या द्वारा, आणि म्हणून मराठी वाचकाच्या मनातही, व्हेनिस प्रथम प्रवेशले ते शेक्सपिअरच्या दोन नाटकांमधून. येथे मृत्यूचे रूपक अद्याप आलेले नाही. ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील नगर हे कराराचे व कायद्याचे नगर आहे. ड्यूकला कायदा वाकवता येणार नाही, कारण नगराचा व्यापार सर्व राष्ट्रांच्या लोकांवर चालतो, हे अँटोनिओ स्वतःच सांगतो. परक्याला न्याय मिळतो, कारण परक्याचा पैसा हवा असतो. हा विचार व्हेनिसच्या वस्तुस्थितीशी मिळताजुळता आहे.

परंतु याच नाटकात एक मोठी अनुपस्थिती आहे. १५१६ पासून व्हेनिसमधील ज्यूंना गेट्टोत राहणे सक्तीचे होते. रात्री त्याची दारे बंद होत आणि पहारेकऱ्यांचा खर्चही ज्यूंकडूनच घेतला जाई. शेक्सपिअरच्या नाटकात गेट्टो नाही. शायलॉकचे घर सामान्य रस्त्यावरचे आहे, त्याच्या खिडकीखालून मुखवटे घातलेल्यांची मिरवणूक जाते, आणि त्याची मुलगी रात्री तेथून निघून जाते. याशिवाय सोळाव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या ज्यूंनी गरिबांसाठी गहाणवटीच्या पेढ्या अल्प व्याजदराने चालवाव्यात ही त्यांच्या वास्तव्याच्या परवान्याची अट होती. १५७३ नंतर हा दर पाच टक्के होता. म्हणजे नाटकातील सावकार ज्या नगरात वावरतो त्या नगरात सावकारीचे स्वरूप राज्यसत्तेनेच ठरवून दिलेले होते. नाटक हे दडवते असे म्हणण्याचे कारण नाही. नाटककाराला ते ठाऊक असणे अपेक्षितही नाही. प्रश्न त्यानंतरच्या वाचनपरंपरेचा आहे. तिने शायलॉकच्या स्वभावाची चर्चा शतकानुशतके केली; त्याला त्या व्यवसायात आणि त्या वस्तीत बंदिस्त करणाऱ्या यंत्रणेची चर्चा फार उशिरा सुरू झाली.

‘ऑथेल्लो’ची मराठीतील वाटचाल या संदर्भात उद्बोधक आहे. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी १८६७ मध्ये या नाटकाचे भाषांतर केले, आणि गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘झुंझारराव’ हे रूपांतर १८९० मधले. रूपांतरात स्थळ, नावे, लोकव्यवहार हे सर्व मराठी झाले आणि नाटक रंगभूमीवर टिकले, यात देवलांच्या प्रतिभेचा वाटा मोठा आहे. पण त्याबरोबर व्हेनिस गेले. व्हेनिसचे प्रजासत्ताक आपल्या भूसेनेचे नेतृत्व धोरण म्हणून परक्यांच्या हाती देत असे. कोणत्याही स्वकीय घराण्याच्या हाती सैन्य एकवटू नये ही त्यामागची भीती. ऑथेल्लो हा परका सेनापती या व्यवस्थेची निर्मिती आहे : राज्याला तो हवा आहे, घराला तो नको आहे. ही रचना बाजूला झाली की उरतो तो मत्सर. अव्वल इंग्रजी काळातील रूपांतरकारांना मूळ नाटकातील सार्वत्रिक भावना हवी होती आणि नगर हे त्यांना केवळ नेपथ्य वाटले. नगराला नेपथ्य मानण्याची ही सवय केवळ आपल्याकडची नव्हे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

४

मृत्यूच्या रूपकाला एक जन्मतारीख देता येते. १२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या दडपणाखाली महासभेने स्वतःचेच विसर्जन केले आणि सुमारे हजार वर्षांचे प्रजासत्ताक संपले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काम्पो फोर्मिओच्या तहाने नगर ऑस्ट्रियाच्या पदरात टाकण्यात आले. एकवीसच वर्षांनी, १८१८ मध्ये, बायरनच्या ‘चाइल्ड हॅरल्ड’चा चौथा सर्ग प्रसिद्ध झाला आणि भग्न, मूक, विधवा नगराची प्रतिमा युरोपच्या मनावर ठसली. हे नगर आपल्याला शेक्सपिअर, ऑटवे, रॅडक्लिफ, शिलर यांच्या लेखनातून आधीच भेटले होते, असे बायरन तेथेच नमूद करतो. पुस्तकांतून आलेल्या नगराचे पुस्तकात परत जाणे असे हे वर्तुळ आहे.

पण १७९७ मध्ये नेमके कोणाचे मरण झाले? त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात गेट्टोची दारे उखडून चौकात जाळण्यात आली. १५१६ पासून रात्री कोंडल्या जाणाऱ्या लोकांना प्रजासत्ताकाच्या अंतानंतर दोन महिन्यांनी प्रथमच दाराबाहेरची रात्र मिळाली. पुढे ऑस्ट्रियाच्या राजवटीत त्यांचे काही हक्क पुन्हा आखडले गेले, हे खरे. पण ती दारे पुन्हा उभी राहिली नाहीत. अमीरांच्या सुवर्णग्रंथाच्या दृष्टीने जे मरण होते ते दुसऱ्या एका वस्तीच्या दृष्टीने सुटकेचा आरंभ होता. एकाच घटनेचे हे दोन अर्थ. त्यांतील एकच अर्थ काव्यात शिरला आणि ‘नगराचा मृत्यू’ म्हणून सर्वमान्य झाला. रूपक निवड करते, आणि ही निवड निष्पाप नसते, हे येथे स्पष्ट होते.

जॉन रस्किनच्या बाबतीत ही निवड अधिक ठळकपणे दिसते. २२ मार्च १८४८ रोजी व्हेनिसने दानिएले मानीन याच्या नेतृत्वाखाली उठाव करून पुन्हा प्रजासत्ताक घोषित केले. सुमारे सतरा महिने हे नगर टिकले. वेढा, तोफांचा मारा, उपासमार आणि पटकी सोसून १८४९ च्या ऑगस्टमध्ये ते शरण गेले. त्यानंतर तीनच महिन्यांत, नोव्हेंबर १८४९ मध्ये, रस्किन तेथे येऊन पोहोचला आणि शिड्या चढून, मोजमापे घेऊन दगडान्‌दगड तपासू लागला. ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’चे तीन खंड १८५१ ते १८५३ या काळात निघाले. या ग्रंथात व्हेनिसच्या पतनाचा आरंभ दिला आहे तो ८ मे १४१८ हा, म्हणजे सेनानी कार्लो झेनो याच्या मृत्यूचा दिवस. नुकत्याच तोफा खाल्लेल्या, पटकीने पोखरलेल्या नगरात उभे राहून त्या नगराचे मरण चार शतके मागे नेणे, ही असाधारण गोष्ट आहे. नगर एकदा चारशे वर्षांपूर्वीच मेले म्हटले की १८४८ चा उठाव हा मेलेल्याचा उठाव ठरतो. त्याची दखल घेण्याची गरज उरत नाही.

रस्किनवर येथे अन्याय होऊ नये. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडातील गॉथिक शैलीच्या स्वरूपावरील प्रकरण हे श्रमाविषयीच्या एकोणिसाव्या शतकातील थोर लेखनात मोडते. कारागिराला चूक करण्याचे स्वातंत्र्य असेल तरच त्याच्या हातून जिवंत काम होते, हा विचार तेथे येतो. याच विचाराच्या पुढील टप्प्यावरील ‘अन्टू धिस लास्ट’ या पुस्तकाने गांधीजींना ‘सर्वोदय’ ही कल्पना दिली, हे आपल्याकडे सर्वज्ञात आहे. परंतु रस्किनला व्हेनिसमध्ये दिसलेला कारागीर मध्ययुगातला आहे. मृत कारागिराच्या हातांविषयी इतकी उत्कट सहानुभूती बाळगणारा लेखक, त्याच दगडांच्या आड राहणाऱ्या जिवंत कारागिरांविषयी इतके कमी का बोलतो? मृत्यूच्या रूपकाने त्याची दृष्टी आधीच व्यापली होती, हे त्याचे एक उत्तर असू शकते.

५

हे रूपक ज्या कृतीत पूर्णत्वाला गेले ती म्हणजे टॉमस मानची ‘व्हेनिसमधील मृत्यू’ ही १९१२ ची दीर्घकथा. तिचे प्रचलित वाचन परिचित आहे : शिस्तबद्ध कलावंत आशेनबाख, सौंदर्याचे आकर्षण, संयमाचा विलय, आणि या विलयाचे बाह्य प्रतिरूप म्हणजे सडत चाललेले नगर. अपोलोनियन आणि डायोनिशियन तत्त्वांचा संघर्ष या सूत्रातही तिचे विवेचन पुष्कळ झाले आहे. हे वाचन चूक नाही, अपुरे आहे.

कथेच्या पाचव्या प्रकरणात एक इंग्रज कारकून आशेनबाखला नगरातील साथीविषयी खरे काय ते सांगतो. पटकीचा उगम गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील दमट दलदलीत झाला. तेथून ती पूर्वेला चीनकडे, पश्चिमेला अफगाणिस्तान-इराणकडे गेली, आणि समुद्रमार्गाने भूमध्य समुद्रावरील बंदरांत पोहोचली, असा तिचा प्रवास तेथे वर्णिला आहे. भारतीय वाचकाने या ठिकाणी थांबावयास हवे. एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या ‘ओरिएंटॅलिझम’ नंतर या परिच्छेदाकडे केवळ वैद्यकीय माहिती म्हणून पाहता येणार नाही. वेळूच्या बनात दबा धरून बसलेल्या वाघासह गंगेचा प्रदेश येथे आदिम, अनावर, मरण प्रसवणाऱ्या भूमीच्या रूपात येतो. आणि व्हेनिस हे त्या पूर्वेचे युरोपात उघडणारे दार ठरते. शतकानुशतके ज्या दारातून मिरी, रेशीम आणि आकडेमोड आली त्याच दारातून आता रोग येतो. व्हेनिसच्या पूर्वेशी असलेल्या नात्याचा सगळा व्यवहारी इतिहास या प्रतिमेत वितळून जातो.

तथापि त्याच कथनात दुसराही एक पदर आहे. पटकीचे जंतू नगरात प्रथम सापडतात ते दोन प्रेतांत : एक नावेवरचा हरकाम्या, दुसरी भाजी विकणारी बाई. त्यांना नावे नाहीत. एका वाक्यात ती येतात आणि जातात. नगराचे अधिकारी बातमी दडपतात, कारण नुकतेच चित्रप्रदर्शन उघडलेले आहे, आणि घबराट पसरली तर हॉटेले, दुकाने, परदेशी पाहुण्यांवर चालणारा सारा धंदा बुडेल अशी भीती आहे. नगराचा प्रमुख वैद्यकीय अधिकारी संतापून पदत्याग करतो. त्याच्या जागी अधिक सोयीचा माणूस नेमला जातो. मान स्वतः १९११ च्या वसंतात व्हेनिसमध्ये होता, आणि त्या वर्षी तेथे पटकीची साथ खरोखरच आली होती.

म्हणजे कथेला ठाऊक आहे की येथील मृत्यूला एक अर्थशास्त्र आहे. पर्यटकांसाठी जपलेली प्रतिमा आणि त्या प्रतिमेखाली मरणारे श्रमिक, असा हा उघड संबंध संहितेत लिहिलेला आहे. आशेनबाख स्वतः हे गुपित जपण्यात सामील होतो; पोलिश कुटुंबाला तो सावध करीत नाही, कारण त्यांनी निघून जाऊ नये असे त्याला वाटते. सौंदर्याचा उपासक आणि नगराचे व्यापारी अधिकारी हे दोघे एकाच मौनाचे भागीदार होतात. ही या कथेतील सर्वांत कठोर नैतिक जाणीव आहे असे मला वाटते. आणि नगराला केवळ आशेनबाखच्या अंतर्मनाचे प्रतीक मानणाऱ्या वाचनात नेमकी तीच हरवते. प्रतीकवादी वाचन नकळत आशेनबाखच्याच बाजूला जाऊन उभे राहते : भाजीवालीचे प्रेत त्यालाही दिसत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. साहित्यकृती स्वायत्त असते, तिला जनगणनेच्या आकड्यांनी किंवा आरोग्यखात्याच्या नोंदींनी मोजू नये, असे म्हटले जाईल. आक्षेपातील तत्त्व मान्य करावयास हरकत नाही. परंतु वरील तपशील कथेबाहेरून आणलेले नाहीत. ते कथेतच आहेत. स्वायत्ततेचा आग्रह धरणाऱ्या समीक्षेने तर संहितेतील प्रत्येक शब्दाला उत्तरदायी असावयास हवे.

६

बाहेरून आलेल्या रूपकांच्या समोर नगराची स्वतःची भाषा ठेवून पाहता येते. व्हेनिसने जगाच्या भाषांना दिलेले शब्द कोणते? ‘आर्सेनाल’ हा शब्द अरबीतील उद्योगगृह या अर्थाच्या शब्दावरून व्हेनिसमार्गे युरोपात गेला. जहाजावरच्या लोकांना साथीच्या भयाने चाळीस दिवस अलग ठेवण्यावरून ‘क्वारंटाइन’ आला. व्हेनिसने १४२३ मध्येच एका बेटावर साथरोग्यांसाठी कायमचे रुग्णालय उभारले होते. मतदानासाठी वापरायच्या छोट्या गोळ्यांवरून ‘बॅलट’, एका लहान नाण्याच्या नावावरून ‘गॅझेट’, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते ओतकामाच्या भट्टीवरून ‘गेट्टो’. हे सर्व शब्द कामाचे, मोजदादीचे, व्यवस्थेचे आणि तिच्यातील अन्यायाचेही आहेत. मृत्यूच्या भाषेचा त्यांत मागमूस नाही. ज्या नगराने साथीशी झगडण्याची पद्धत जगाला दिली ते नगर साहित्यात साथीचेच प्रतीक व्हावे, यातील विसंगती लक्षणीय आहे.

या शब्दव्यवहारात मराठीचाही एक धागा आहे. व्हेनिसच्या टांकसाळीला ‘झेक्का’ म्हणत. हा शब्द अरबी ‘सिक्का’वरून आला, आणि आपला ‘शिक्का’ फारसीमार्गे त्याच मुळाशी जातो. त्या टांकसाळीतील सोन्याचे डुकाट पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात येथवर पोहोचले. त्यांच्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेल्या डोजची आणि दुसऱ्या बाजूस ख्रिस्ताची आकृती असे. मराठी लोकांनी त्यांना नाव दिले ‘पुतळी’, आणि ती माळेत ओवून गळ्यात घातली. ज्यांनी ते नगर कधी पाहिले नाही त्यांनी त्याच्या राजचिन्हाचे असे आपल्यापुरते वाचन केले. नगराशी जुळलेले हे नाते वापराचे आहे, आणि रूपकाच्या नात्याहून ते कमी अर्थपूर्ण नाही.

नगराची भाषा साहित्यात सर्वांत भरघोसपणे ऐकू येते ती कार्लो गोल्दोनी (१७०७–१७९३) याच्या नाटकांत. ‘कियोज्जातली भांडणे’ असे ज्याच्या नावाचे मराठी करता येईल ते त्याचे १७६२ मधील नाटक खाजणाच्या दक्षिण टोकावरील कोळ्यांच्या गावात घडते. स्त्रिया रस्त्यावर लेस विणत बसल्या आहेत. भाजलेल्या भोपळ्याच्या फोडीवरून भांडण पेटते आणि न्यायकचेरीपर्यंत जाते. तरुणपणी गोल्दोनीने कियोज्जाच्या फौजदारी कचेरीत काम केले होते, त्यामुळे कचेरीतील साक्षींचा प्रवेश अतिशय सच्चा उतरला आहे. एका वृद्ध कोळ्याचे अडखळते बोलणे त्या अधिकाऱ्याला समजतच नाही, आणि सत्ता व बोली यांतील अंतर एका विनोदी प्रवेशात उघडे पडते. नाटकाच्या शेवटी लुचेत्ता ही मुलगी त्या अधिकाऱ्याला उद्देशून म्हणते की, तुम्ही परगावचे. येथून गेल्यावर कियोज्जाच्या बायका भांडखोर आहेत असे बाहेर पसरवू नका. बाहेरचा मनुष्य आपल्याविषयी काय सांगत सुटेल याची चिंता एका कोळिणीने रंगमंचावरून बोलून दाखवावी, हे बायरनच्या छप्पन्न वर्षे आधी घडले आहे. व्हेनिसविषयक साहित्याच्या अभ्यासक्रमांत या नाटकाला मानच्या कथेशेजारी जागा मिळाली तर दोन्ही कृतींचे वाचन बदलेल.

७

रूपकांचे परिणाम पुस्तकांपुरते राहत नाहीत. १९१० मध्ये मारिनेत्ती व त्याच्या भविष्यवादी सहकाऱ्यांनी गतकालपूजक व्हेनिसविरुद्ध जाहीरनामा काढून, जुने राजवाडे पाडून त्यांच्या राडारोड्याने कालवे बुजवा, असे आवाहन केले. रस्किनच्या अगदी उलट टोकाचे हे म्हणणे; पण नगर मेलेले आहे हे गृहीत दोघांचे एकच. एकाला प्रेत जपावयाचे आहे, दुसऱ्याला पुरावयाचे आहे. पुढे घडले ते दोन्ही. बेटांवरील नगर जपले गेले, आणि १९१७ पासून समोरच्या किनाऱ्यावर मार्गेरा हे औद्योगिक बंदर उभे राहिले. तेथील कारखान्यांसाठी भूजल उपसले गेले आणि जमीन खचण्याचा वेग वाढला. तेलवाहू जहाजांसाठी खाजणात खोल मार्ग खोदले गेले. ‘बुडते नगर’ हे शब्द उच्चारताना जे निसर्गाचे वाटते त्यातील बराच भाग असा माणसांच्या निर्णयांचा आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ सेंटिमीटरपर्यंत. भरती अडवणारे दरवाजे प्रथम वापरले गेले ते ३ ऑक्टोबर २०२० रोजी. मार्गेराच्या रासायनिक कारखान्यांत व्हिनिल क्लोराइडच्या संपर्काने झालेल्या शंभराहून अधिक कामगारांच्या मृत्यूंबद्दल १९९८ मध्ये खटला उभा राहिला. २००१ मध्ये आरोपी निर्दोष ठरले आणि २००४ च्या अपिलात तो निकाल अंशतः फिरला. व्हेनिसमधील मृत्यू हे शब्द या मृत्यूंनाही लागू पडतात, याची आठवण मात्र साहित्यचर्चेत क्वचितच होते.

१९५१ मध्ये बेटांवरील जुन्या नगरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाऊ लागले. मृत्यूचे रूपक वाचून आलेल्यांच्या गर्दीने रहिवाशांना घर परवडेनासे करावे, आणि मग ओस पडलेली घरे पाहून रूपक खरे ठरल्याचे सांगितले जावे, असा हा क्रम आहे. त्याला केवळ साहित्य कारणीभूत आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण प्रवासी ज्या प्रतिमेचा शोध घेत येतो ती साहित्यानेच घडवली, हेही नाकारता येत नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये, लोकसंख्या साठ हजारांच्या खाली आली तेव्हा, तेथील रहिवाशांनी नगराची लुटुपुटीची अंत्ययात्रा काढली. शवपेटी नावेतून मुख्य कालव्याने नगरपालिकेपर्यंत नेण्यात आली. बायरनपासून चालत आलेले रूपक येथे प्रथमच, ज्यांच्यावर ते लादले गेले होते त्यांच्या हाती आले, आणि हाती येताच त्याचा अर्थ पालटला. शोकगीताचे त्याने राजकीय उपहासात रूपांतर केले. अटळ नियतीच्या जागी त्याने नगरपालिकेचा पत्ता लिहिला. ती अंत्ययात्रा हीदेखील एक संहिताच होती आणि तिची परंपरा मानपेक्षा गोल्दोनीशी अधिक जुळते.

व्हेनिसविषयक साहित्याचे पुनर्वाचन कोठून सुरू करावे याचे सूचन यात आहे. मानची कथा शिकवताना आशेनबाखच्या समुद्रकिनाऱ्यावरील खुर्चीपाशी आपण नेहमीच थांबतो. त्याआधी त्या एका वाक्यातील नावेवरच्या हरकाम्यापाशी आणि भाजीवालीपाशी थांबावयास हवे. ती दोघे कोणत्या गल्लीत राहत होती, कोणत्या बोलीत बोलत होती, याचे उत्तर मानच्या संहितेत मिळणार नाही. त्यासाठी गोल्दोनी, ताराबोत्ती, मोदेना यांच्या संहितांकडे जावे लागेल. आणि ते जाणे साहित्याच्या बाहेर पडणे ठरत नाही.